हत्ती उठला आणि डाव गेला

भर एप्रिलातलं सोलापूर, पत्र्याचा हॉल, डोक्यावर गरम वारा फेकणारे पंखे आणि हौशी खेळाडूंची बुद्धिबळ स्पर्धा. समोर नववीतली मुलगी. मी एका प्याद्यानं पुढं होतो. माझ्या डी-आठ या घरातल्या, म्हणजे माझ्या सगळ्यात मागच्या रांगेतल्या हत्तीनं तिचं डी-चारवरचं प्यादं मारलं, घड्याळ दाबलं आणि चाल लिहायला मान खाली घातली. तेवढ्यात तिनं ई-एकवरचा हत्ती सरळ ई-आठवर नेऊन ठेवला. मात! माझा राजा जी-आठवर, पुढ्यात एफ, जी, एच ही तिन्ही प्यादी जागची न हललेली. पळायला घरच नाही.

चार चाली पुढचं मोजत होतो आणि एका चालीचं दिसलं नाही.

निकोलाय क्रोगियस हे सोव्हिएत ग्रँडमास्टर मानसशास्त्रज्ञही होते. त्यांनी अशा चुकांचा अभ्यास केला. हत्ती पटावर हलतो, पण मनातल्या पटावर तो जुन्याच जागी पहारा देत बसतो. माझा हत्ती डी-चारला पोचला होता, माझ्या हिशेबात मात्र ई-आठ अजून राखलेलं होतं.

मग मास्टरचं, म्हणजे मुरलेल्या खेळाडूचं, असं का होत नाही? (होतं, पण क्वचित.) 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी खेळाडूंना खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून पट आठवणीनं पुन्हा मांडायला लावला. पहिल्या नजरेत मास्टरनं सोळाच्या आसपास मोहरे बरोबर ठेवले, नवख्यानं चारेक. तेच मोहरे वाटेल तसे विखरून मांडले, तर मास्टरची आघाडी जवळजवळ संपली. म्हणजे स्मरणशक्ती अचाट नसते, ओळख दांडगी असते. फलाटावर ‘सिद्धेश्वर एक्सप्रेस’ ही पाटी आपण अक्षर लावत वाचत नाही. तीच अक्षरं उलटसुलट केली तर तिथंच अडखळू. मास्टरला राजा, तीन प्यादी आणि मागच्या रांगेतला हत्ती हा एकच शब्द दिसतो. त्यातलं एक अक्षर गळलं की डोळ्याला खुपतं. मला ते पाच सुटे मोहरे होते.

डाव संपल्यावर पोरीला विचारलं, कधी दिसलं? ‘काका, तुम्ही हत्तीला हात लावला ना, तेव्हाच.’ हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो, हे तिलाही ठाऊक होतं.

पुढच्या फेरीत मी आठव्याच चालीला एच-प्यादं एक घर सरकवून राजाला खिडकी करून दिली. गरज काहीच नव्हती. तोही डाव हरलो, वेगळ्याच कारणानं.