कपातला लंबक आणि जुनी पोर्शे ९११

२७ फेब्रुवारी १९९२ रोजी अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक यांच्या अंगावर मॅकडोनाल्ड्सच्या दुकानातून घेतलेली कॉफी सांडली. पुढे खटला झाला, बातमी जगभर पोचली आणि पोचेपर्यंत तिचा विनोद झाला: बाई गाडी चालवताना कॉफी पीत होत्या, सांडली आणि त्यांना घबाड मिळालं. खरी हकीकत अशी की गाडी उभी होती. चालकाच्या जागेवर नातू होता, लीबेक शेजारी बसल्या होत्या. साखर-दूध घालायला त्यांनी कप गुडघ्यांत धरला आणि झाकण ओढलं. त्या दुकानांत कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सियसवर ठेवत असत. मांड्यांवर खोलवर भाजलं, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, त्वचारोपण करावं लागलं. गाडी होती १९८९ ची फोर्ड प्रोब, स्पोर्टी धाटणीची कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी. तिच्यात कप ठेवायला जागाच नव्हती.

तेव्हा जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये कप होल्डर बसवणं याला चोचले म्हणू नये. बाजारात यासाठी शेकडो वस्तू मिळतात आणि प्रत्येकीवर एकच आश्वासन असतं: तुमच्या गाडीत ‘फिट’ बसेल. पण बसणं हा सोपा भाग आहे. बसवलेला होल्डर रस्त्यावर थरथरतो का, कपातली कॉफी हिंदकळते का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आपण शाळेत शिकलेल्या लंबकात दडलेलं आहे.

उदाहरणाला पोर्शे ९११ ही जर्मन स्पोर्ट्स कार घेऊ, १९७४ ते १९८९ मधली. या गाडीत कारखान्याने कप होल्डर दिलाच नाही. पोर्शेने ९११ च्या डॅशबोर्डमध्ये बाहेर सरकणारे होल्डर दिले ते २००२ च्या मॉडेलपासून. कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोरॅडो ब्रूममध्ये ग्लव्ह बॉक्सच्या दारावर लोहचुंबकाने चिकटणारे पेले ठेवले होते, आणि आज दिसतात तसे खोलगट होल्डर रुळले ते १९८३ नंतरच्या क्रायस्लरच्या मिनीव्हॅनमुळे. या इतिहासात याहून जास्त रमण्यासारखं काही नाही. लंबकात मात्र आहे.

लंबकाचा आवर्तकाल त्याच्या दोरीच्या लांबीवर ठरतो, टोकाला लावलेल्या वजनावर नाही. एक मीटरचा लंबक एका आंदोलनाला दोन सेकंद घेतो. हिशेब सोपा करून लिहायचा तर सेकंदाला होणारी आंदोलनं म्हणजे १६ भागिले लांबीचं वर्गमूळ, लांबी मिलिमीटरमध्ये. १००० मिलिमीटरचं वर्गमूळ सुमारे ३२, म्हणून सेकंदाला अर्धं आंदोलन. गंमत अशी की हेच सूत्र स्प्रिंगलाही जसंच्या तसं लागू पडतं, फक्त दोरीच्या लांबीऐवजी वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती दबते ते घ्यायचं. म्हणजे वजनाखाली १०० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग आणि १०० मिलिमीटरचा लंबक एकाच तालात हलतात. प्रत्येक हलणाऱ्या वस्तूच्या आत अशी एक अदृश्य दोरी असते. तिची लांबी सापडली की ती वस्तू कोणत्या तालाला नाचणार हे कळतं.

गाडीपासून सुरुवात करू. स्प्रिंगांवर उभी असलेली गाडी सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा खालीवर होते. दीडचा ताल धरला तर तिची दोरी ११ सेंटिमीटरची झाली. चाक आणि ॲक्सल यांचा ताल वेगळा. टायरच्या रबरावर ती सेकंदाला १० ते १५ वेळा थडथडतात. खडबडीत रस्त्यावर तळव्यांना जाणवते ती हीच थडथड. १२ च्या तालाची दोरी येते जेमतेम पावणेदोन मिलिमीटरची.

आता कपातली कॉफी. गोल भांड्यातला द्रव एका बाजूने चढतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो, तेव्हा त्याची दोरी भांड्याच्या त्रिज्येवर ठरते: त्रिज्या भागिले १.८४. हा १.८४ आकडा गोल भांड्यातल्या लाटेच्या गणितातून येतो. ते गणित इथे सोडून देऊ. द्रव पुरेसा खोल असला की खोलीचा फरक पडत नाही आणि कपात तो तेवढा खोल असतोच. ४ सेंटिमीटर त्रिज्येच्या कपात ही दोरी २.२ सेंटिमीटरची, म्हणजे सेकंदाला ३.४ आंदोलनं. ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या बाटलीत जवळजवळ चार. २०१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हान्स मायर आणि रुस्लान क्रेचेत्निकोव्ह यांनी चालताना कॉफी का सांडते याचा अभ्यास केला, तेव्हा नेहमीच्या कपांचे आकडे याच आसपास होते. त्या कामाला त्या वर्षीचं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं.

तीन आकडे शेजारी ठेवा: गाडी दीड, कॉफी साडेतीन, चाक बारा. कॉफी मधल्या मोकळ्या जागेत आहे. म्हणजे रस्त्याच्या रोजच्या हादऱ्यांशी तिचा अनुनाद जुळत नाही, ही आपल्या नशिबाची गोष्ट. जुळतो तो विशिष्ट वेगाला. काँक्रीटच्या रस्त्यावर सांधे ४.५ मीटरवर असतील तर ताशी ५५ किलोमीटरला सेकंदाला ३.४ सांधे येतात, नेमका कॉफीचा ताल. नुसता उभा धक्का पाणी तिरकं करत नाही, पण प्रत्येक सांध्यावर गाडीचं नाक झुकतं आणि कप पुढेमागे ढकलला जातो. अशा वेळी वेग दहाने कमीजास्त करायचा. होल्डर बदलून उपयोग नाही.

कॉफी सांडते ती मुख्यतः वळणावर आणि ब्रेकवर. वळणावर ०.५ जी (गुरुत्वत्वरणाच्या निम्मं) एवढं त्वरण असेल तर द्रवाचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी कलतो आणि ४ सेंटिमीटर त्रिज्येच्या कपाच्या कडेला २ सेंटिमीटर वर चढतो. आरशाला टांगलेली कोणतीही वस्तू तेवढ्याच कोनात कलते, कारण दोन्हीकडे गणित एकच. लिंबू-मिरची अपघात टाळत नाही, उलट समोरचा रस्ता झाकते. पण २० सेंटिमीटर दोरीला बांधलेलं लिंबू त्वरण मात्र खरं सांगतं: ते जितकं कललं तितकी कॉफी कलली.

हे झालं सावकाश घेतलेल्या वळणाचं. त्वरण एका झटक्यात आलं तर लंबक समतोल कोनाच्या पुढे जाऊन दुप्पट झुलतो, म्हणजे २ चे ४ सेंटिमीटर. तेच त्वरण कॉफीच्या एका आंदोलनाएवढ्या वेळात, ०.३ सेकंदात, सारख्या गतीने वाढवत नेलं तर जादा झोका जवळजवळ शून्य होतो. स्टिअरिंग फिरवायला माणसाला एवढा वेळ सहज लागतो, त्यामुळे वळणं सहसा निभावतात. दगा देतो तो थांबण्याचा शेवटचा क्षण. ब्रेक तसाच दाबून ठेवला तर गाडी थांबते त्या क्षणी ०.३ जी एकदम शून्य होतं आणि पुढच्या कडेला चढलेली कॉफी सव्वा सेंटिमीटर मागच्या कडेला चढते. थांबण्याआधी अर्धा सेकंद पाय हलका केला की हे टळतं. क्लच झटक्यात सोडला की हेच उलट्या दिशेने घडतं. म्हणून कप काठापासून किमान ३ सेंटिमीटर रिकामा ठेवावा आणि झाकण लावावं.

फेसही मदत करतो. २०१५ मध्ये प्रिन्स्टनमधल्या संशोधकांनी दाखवलं की बुडबुड्यांचे पाचएक थर असले तरी हिंदकळणं खूप लवकर विझतं, कारण बुडबुडे भांड्याच्या भिंतीशी घासून ऊर्जा खातात. वरून ओतून फेसाळलेली फिल्टर कॉफी गाडीत कोऱ्या चहापेक्षा शहाण्यासारखी वागते.

आता होल्डरचीच दोरी मोजू, कारण बहुतेक घरगुती जोडण्या इथेच फसतात. सीटच्या बोल्टखाली २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी अडकवतात आणि १५ सेंटिमीटरवर कडं लावतात. कप आणि कडं मिळून ६०० ग्रॅम धरले तर पट्टीचं टोक १.७ मिलिमीटर वाकतं. १६ भागिले १.७ चं वर्गमूळ, उत्तर बारा. चाकाचा ताल तोच! खडबडीत रस्त्यावर प्रत्येक थडथड पट्टीत साठत जाते, झाकणाच्या भोकातून कॉफीचे थेंब उडतात, बोल्ट ढिला होतो आणि काही महिन्यांनी पट्टी बोल्टच्या भोकाशी चिरते. पुन्हापुन्हा वाकून धातूला येणाऱ्या थकव्याची पोलादासारखी सुरक्षित मर्यादा ॲल्युमिनियमला नसते. छोटे हेलकावेही मोजले जात राहतात.

उपाय म्हणजे पट्टीचा ताल २५ च्या वर नेणं, म्हणजेच तिचं वाकणं ०.४ मिलिमीटरच्या आत आणणं. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो: ५ मिलिमीटरची पट्टी ०.३७ मिलिमीटरच वाकते, ताल २६. लांबी १० सेंटिमीटरवर आणली तर ३ मिलिमीटरची पट्टीही २२ पर्यंत जाते. पण सगळ्यात चांगला मार्ग कड मुडपण्याचा आहे. त्याच ३ मिलिमीटरच्या पट्टीची एक कड १२ मिलिमीटर खाली काटकोनात वळवली तर ताठपणा हिशेबाने सुमारे तीसपट होतो. अट एवढीच की ही मुडपलेली कड बोल्टच्या शेजारून जायला हवी. बोल्टच्या अलीकडे ती संपली तर तिथे बिजागरी तयार होते आणि मेहनत फुकट जाते. मुडपताना आतली वळणत्रिज्या जाडीएवढी तरी ठेवावी, नाहीतर कडक मिश्रधातूची पट्टी वळणावरच तडकते.

जोडल्यावर तपासणीही लंबकानेच करायची. एक लिटरच्या तीन भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून कड्याला टांगा आणि कड्याखाली जमिनीपासून मोजपट्टी उभी धरून वाकणं मोजा. ३ किलोला २ मिलिमीटरच्या आत वाकलं तर ६०० ग्रॅमला ०.४ च्या आत वाकेल. यात पट्टी, बोल्ट आणि गाडीचा पत्रा सगळ्यांचं वाकणं एकदम येतं, जे कागदावरच्या हिशेबात येत नाही. ‘कंपन शोषणारी ऊर्जा चिप’ किंवा ‘क्वांटम स्टिकर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू लावून हीच मोजणी करून पाहा. एक मिलिमीटरचाही फरक पडणार नाही.

प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. या ९११ च्या मधल्या बोगद्याला ड्रिल लावू नका. गिअरचा दांडा, १९८६ पर्यंतच्या गाड्यांत क्लचची केबल, वायरिंग आणि पुढच्या टाकीतून मागच्या इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळ्या त्याच बोगद्यातून जातात. नळ्या प्लास्टिकच्या आणि कित्येक दशकं जुन्या. पत्र्यातून १० मिलिमीटर आत गेलेलं ड्रिल एवढ्याने आग लागू शकते. दारात लटकवलेला होल्डर दार आपटताना कप फेकतो, आणि एसीच्या झडपेत अडकवायचा होल्डर जुन्या प्लास्टिकच्या पात्या मोडतो. उरते चांगली जागा एक: चालकाच्या शेजारच्या सीटच्या रुळाचा पुढचा, आतल्या बाजूचा बोल्ट.

हा बोल्ट एम-८ आकाराचा, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा. पट्टी रुळाच्या खाली सरकवू नका. एका कोपऱ्यात ३ मिलिमीटर उंची वाढली की रूळ पिळतो आणि सीट सरकताना अडते. पट्टी रुळाच्या वर, बोल्टच्या डोक्याखाली घ्या आणि बोल्ट मूळ बोल्टपेक्षा पट्टीच्या जाडीएवढा जास्त लांब घ्या, म्हणजे आत पूर्वीइतकेच आटे पकडतील. पोलादात किमान ८ मिलिमीटर आटे हवेत. बोल्ट ८.८ या ताकदीच्या दर्जाचा, टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) सुमारे २५ न्यूटन-मीटर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण मानावा. खाली रबर किंवा नायलॉनचा वॉशर अजिबात नको. तो हळूहळू दबत जातो, बोल्टचा ताण सुटतो आणि सीट ढिली होते. ॲल्युमिनियम आणि पोलाद दमट हवेत एकत्र आले की ॲल्युमिनियम खातं, म्हणून सांध्याला झिंकचा रंग लावावा. सीटबेल्टच्या बोल्टखाली काहीही अडकवायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी.

एका बोल्टवरची पट्टी फिरते. ते थांबवायला पट्टीची १० मिलिमीटरची जीभ खाली वळवून रुळाच्या बाजूला टेकवावी. बोल्ट पूर्ण आवळण्याआधी सीट पुढेमागे टोकापर्यंत सरकवा, हँडब्रेक ओढा आणि गिअर एकेक करून टाका. दुसरा आणि चौथा मागे येतात. १९८६ पर्यंतच्या ९१५ गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सही उजवीकडे मागे येतो. १९८७ पासूनच्या जी-५० मध्ये तो डावीकडे पुढे आहे. कप ठेवून हे सगळं करा, कारण अडथळा कड्याचा नसतो, कपाच्या वरच्या काठाचा असतो.

कडं आतून ८० मिलिमीटर ठेवावं आणि आत ३ मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनच्या (कृत्रिम रबराच्या) तीन पट्ट्या चिकटवाव्यात. ६६ मिलिमीटरचा कॅन त्यात थोडा सैल बसतो, तिथे जाड पट्ट्या लागतील. कड्याची उंची कपाच्या गुरुत्वमध्याच्या वर हवी. ११ सेंटिमीटर उंच भरलेल्या कपाचा गुरुत्वमध्य तळापासून साडेपाच-सहावर असतो, म्हणून कडं सातवर. गुरुत्वमध्य कड्याच्या वर राहिला की वळणावर कप कड्याभोवती उलटा फिरू पाहतो, त्याचा तळ बाहेर सरकतो आणि पुढच्या खड्ड्यात तो उडी मारतो. तळाच्या तबकडीला १० मिलिमीटरची उभी कड आणि पाणी निघायला एक भोक असावं.

पहिली चाचणी गार पाण्याने, झाकणाशिवाय, काठापासून ३ सेंटिमीटर रिकाम्या कपाने. ५०० किलोमीटरनंतर बोल्टवर पुन्हा टॉर्क पाना लावा आणि पट्टीच्या भोकाभोवती भिंगातून केसाएवढी चीर दिसते का ते पाहा.