पाठीवर कवटी असलेला पतंग: ॲकेरॉन्शिया प्रजातीची पार्श्वभूमी

तिळाच्या शेतात पाने फस्त करणारी, बोटापेक्षा लांब, अंगावर तिरके पट्टे आणि शेपटाकडे वाकडे खरबरीत शिंग असलेली अळी पुढे ज्या पतंगात रूपांतरित होते, त्याच्या पाठीवर मानवी कवटीसारखी फिकट पिवळी आकृती असते. या एका खुणेने ॲकेरॉन्शिया प्रजातीच्या नावांचा सगळा इतिहास घडवला आहे.

वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनिअसने 1758 मध्ये युरोप व आफ्रिकेतल्या जातीला ॲट्रोपॉस हे नाव दिले, ते ग्रीक पुराणात आयुष्याचा धागा कापणाऱ्या देवतेचे. त्या वेळी तिची गणना स्फिंक्स या व्यापक प्रजातीत होत असे. 1798 मध्ये फॅब्रिसिअसने आशियाई जातीसाठी तो धागा मोजणाऱ्या लॅकेसिसचे नाव निवडले. 1809 मध्ये लास्पेयरने या पतंगांची वेगळी प्रजाती केली आणि तिला पाताळातल्या ॲकेरॉन नदीवरून नाव दिले, तर 1847 मध्ये वेस्टवूडने वर्णन केलेल्या तिसऱ्या जातीच्या वाट्याला स्टिक्स ही पाताळातलीच दुसरी नदी आली. स्फिंजिडी कुलातली ही प्रजाती आजही या तीनच जातींची आहे. लॅकेसिस आणि स्टिक्स या दोन्ही भारतात आढळतात, आणि तिळावर प्रामुख्याने येते ती स्टिक्स.

माझ्या मते मात्र या पतंगांचे खरे वेगळेपण कवटीत नाही, तोंडात आहे. याच कुलातल्या ॲग्रिअस प्रजातीची सोंड इतकी लांब असते की कोशावर तिचे वेटोळे कपाच्या कानासारखे बाहेर दिसते. ॲकेरॉन्शियाची सोंड आखूड, जाड आणि टोकदार, कोशावर असे काही नसते. खोल नळीच्या फुलांतला मध अशा सोंडेला मिळत नाही, पण पोळ्यातल्या घराचे मेणाचे झाकण तिने सहज फोडता येते. मधमाश्यांच्या वसाहतीत शिरून मध चोरणाऱ्या या पतंगाच्या अंगावर माश्यांच्या त्वचेवर असतात तीच मेदाम्ले (फॅटी ॲसिड) सापडली आहेत, त्यामुळे वासावरून तो त्यांना बराचसा ओळखू येत नाही.

हातात धरला तर तो उंदरासारखा चिरकतो. हवा घशात ओढताना तिथली लहानशी झडप वेगाने थरथरते आणि तीच हवा बाहेर सोडताना शिट्टीसारखा स्वर उमटतो. पिवळे-काळे पट्टे असलेले पोट, त्यावरची निळसर राखाडी रेघ आणि पिवळे मागचे पंख ही खूण तिन्ही जातींत थोड्याफार फरकाने दिसते. लॅकेसिसमध्ये तेवढा काळा रंग जास्त पसरलेला असतो.