सीरियल पोर्टची डुलकी आणि हरवलेला ‘डी’

सकाळच्या विरार लोकलमध्ये मोबाइलवरची अ‍ॅप्स एकेक करून वर ढकलून ‘उडवणारे’ लोक रोज दिसतात. असं केलं की बॅटरी वाचते, हा पक्का समज. पण तेच अ‍ॅप दहा मिनिटांनी उघडलं की सगळं नव्याने मेमरीत भरावं लागतं आणि उलट जास्तच वीज जाते. ‘एआय बॅटरी सेव्हर’ म्हणून जाहिराती करणारी अ‍ॅप्स तर सोडूनच द्या. खरी काटकसर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पातळीवर चालते: चिपमधल्या ज्या भागाला या क्षणी काम नाही, त्याचं घड्याळ, म्हणजे त्याला चालवणारे विजेचे ठोके, तेवढ्यापुरतं बंद करायचं. याला रनटाइम पॉवर मॅनेजमेंट म्हणतात. लिनक्समध्ये त्याची सामाईक चौकट डिसेंबर २००९ मध्ये, २.६.३२ या आवृत्तीत आली. त्यामागे राफाएल विसोत्स्की यांचं काम होतं.

तत्त्व सोपं आहे. चाळीत सामाईक खोलीचा दिवा शेवटी बाहेर पडणारा घालवतो, तसं ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा कर्नलमधला भाग, मोजत राहतो. काम आलं की आकडा एकने वाढवायचा, संपलं की एकने कमी करायचा. शून्य झाला की लगेच न झोपवता ठरावीक मिलिसेकंद वाट पाहायची आणि मग घड्याळ बंद.

बहुतेक उपकरणांना हे मानवतं. सीरियल पोर्टला, म्हणजे तारेवरून एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीला, मानवत नाही, आणि मला हा विषय आवडतो तो त्यामुळेच.

लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-सीरियल केबल आणून छोट्या लिनक्स बोर्डाला जोडली, पोर्टची झोप चालू केली आणि थोडं थांबून ‘डेट’ ही आज्ञा टाइप केली, की पडद्यावर उमटतं नुसतं ‘एट’. वर बोर्ड म्हणतो, अशी आज्ञाच नाही! ‘डी’ गेला कुठे?

सीरियल वायरीवर काम नसताना व्होल्टेज ‘उच्च’ असतं. अक्षर सुरू झालं की ते खाली पडतं; हा स्टार्ट बिट. मग आठ बिट आणि शेवटी स्टॉप बिट, म्हणजे एका अक्षराचे दहा बिट. वेग १,१५,२०० बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट, असेल तर एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा, अख्खं अक्षर ८७ मायक्रोसेकंदांचं. घड्याळाची वेगळी तार नाही. पलीकडच्याने स्टार्ट बिटची उतरती कड पकडायची आणि तिथून स्वतःच्या घड्याळाने मोजत प्रत्येक बिटच्या मध्यावर नजर टाकायची. आता ते घड्याळच बंद असेल तर? कड दिसते, कारण तेवढ्यापुरतं एक जागं करणारं इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष वेधणारा इशारा, ठेवलेलं असतं. पण घड्याळ पुन्हा स्थिर होईपर्यंत, आणि स्फटिकाच्या घड्याळाला त्यासाठी सहज मिलिसेकंद लागतात, ‘डी’ येऊन निघूनही गेलेला असतो. हाताने टाइप करताना पुढचं अक्षर उशिरा येतं, म्हणून एकच हरवतं. तीच ओळ पेस्ट केली तर एका मिलिसेकंदात अकरा अक्षरं वाहून जातात. चिपमधली फिफो, म्हणजे आलेली अक्षरं साठवणारी रांग, इथे उपयोगाची नाही. तीही झोपलेलीच असते. त्याहून वाईट म्हणजे अक्षराच्या मधोमध जाग आली तर पुढची कुठलीतरी उतरती कड स्टार्ट बिट समजली जाते आणि अक्षराऐवजी कचरा येतो.

पाठवतानाही गफलत होते. रांग रिकामी झाली म्हणजे पाठवून झालं असं नाही. शेवटचं अक्षर शिफ्ट रजिस्टरमधून, म्हणजे तारेवर एकेक बिट सोडणाऱ्या कप्प्यातून, अजून बिट-बिट बाहेर पडत असतं. १६५५० घराण्याच्या सीरियल चिपमध्ये यासाठी दोन वेगळे ध्वज आहेत: पहिला रांग रिकामी झाल्याचा, दुसरा शेवटचा बिटही बाहेर पडल्याचा. ड्रायव्हरने पहिला पाहून घड्याळ बंद केलं, तर शेवटचं अक्षर अर्धंच जातं.

कर्नलच्या आतली अडचण आणखी किचकट आहे. पाठवण्याचं फंक्शन पोर्टचं स्पिनलॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, धरून, इंटरप्ट बंद ठेवून चालतं. तिथे थांबून वाट बघायला मनाई, आणि पोर्ट जागं करायचं तर वाट बघावीच लागते. २०२३ मधल्या लिनक्स ६.५ पासून सीरियल कोअरनेच, म्हणजे सगळ्या सीरियल ड्रायव्हरच्या सामाईक भागाने, पोर्टसाठी स्वतंत्र उपकरण उभं केलं. आता पाठवताना फक्त ‘जागं हो’ असा निरोप टाकतात आणि उरलेला मजकूर जाग आल्यावर जातो.

हरवणाऱ्या पहिल्या अक्षराला मात्र सॉफ्टवेअरमध्ये औषध नाही. सीरियलवर बोलणाऱ्या बऱ्याच ब्लूटूथ चिप्सना म्हणूनच जागं करण्याची वेगळी तार असते. कित्येक मोडेमना आधी एक फुकटचं अक्षर पाठवून उठवावं लागतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप चिपचा लिनक्स ड्रायव्हर मुळात वाट पाहण्याची मुदत उणे एक ठेवतो, म्हणजे झोपूच नका. ज्याला अक्षर गेलेलं चालेल, त्याने ती सिसएफएसमधून, म्हणजे कर्नलच्या सेटिंग फाइलींसारख्या दाखवणाऱ्या फोल्डरमधून, बदलावी. दर तासाला स्वतःहून आकडा पाठवणाऱ्या, बॅटरीवरच्या सेन्सरला ती खुशाल दोन हजार मिलिसेकंद द्यावी. तिथे उलटून कोणी बोलत नाही. कन्सोलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या, पोर्टला उणे एकच राहू द्या.