ओएसपीएफचा शेजार का अडतो: लॅबमधल्या तपासण्यांची पार्श्वभूमी

दोन राउटर, मध्ये एक केबल, दोन्हीकडे ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांकडून वाटा शिकण्याचा प्रोटोकॉल) चालू, पिंग व्यवस्थित जातो, आणि तरी शेजार, म्हणजे दोन राउटरमधली ओएसपीएफची ओळख, जुळत नाही. सरावाच्या लॅबमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की त्यासाठीची यादी सगळ्यांना तोंडपाठ असते: एरिया (नेटवर्कचा विभाग), मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठवर ते सांगणारा), टायमर, पासवर्ड, एमटीयू (लिंकवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार). पण यादीतली बाब तिथे का आली हे ठाऊक नसेल, तर कुठल्या अवस्थेत घोडं अडलंय त्यावरून नेमकं काय बघायचं ते सुचत नाही. मग सगळीच यादी वरून खालपर्यंत तपासत बसावं लागतं. ही यादी कुणी एका बैठकीत लिहिलेली नाही. नेटवर्क जसजशी बिघडत गेली तसतशा प्रोटोकॉलमध्ये एकेक तपासण्या शिरत गेल्या.

आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, 1969 पासून डिस्टन्स व्हेक्टर पद्धत होती. प्रत्येक नोडने आपला तक्ता शेजाऱ्याला द्यायचा आणि शेजाऱ्याने तो खरा मानून पुढे चालायचं. 1979 मध्ये तिच्या जागी लिंक-स्टेट पद्धत आली. आता नोड फक्त आपल्या लिंकची स्थिती नेटवर्कभर कळवू लागला आणि नकाशा जो तो स्वतः मांडू लागला. वाट काढायला डायक्स्ट्रा यांचा 1959 चा अल्गोरिदम होताच. पद्धत चांगली चालली, आणि मग 27 ऑक्टोबर 1980 रोजी अख्खं नेटवर्क काही तास ठप्प झालं.

त्या दिवशी काय झालं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. नोडना तेव्हा आयएमपी म्हणत. क्रमांक 29 च्या आयएमपीच्या हार्डवेअरमध्ये बिघाड होता आणि मेमरीतले बिट गळत होते. क्रमांक 50 च्या आयएमपीच्या अपडेटचा अनुक्रमांक 44 होता. बायनरीत तो 101100. त्यातला एक बिट गळला की 101000, म्हणजे 40, आणि आणखी एक गळला की 001000, म्हणजे 8. अनुक्रमांक सहाच बिटांचे, 0 ते 63 आणि पुन्हा 0, असे गोल फिरणारे. त्या मोजणीत 44 हा 40 पेक्षा नवा, 40 हा 8 पेक्षा नवा, आणि 8 हा 44 पेक्षा नवा ठरत होता. त्यामुळे तिन्ही अपडेट एकमेकांना मागे टाकत नेटवर्कभर फिरत राहिले आणि दुसऱ्या कामाला नोडना सवडच उरली नाही. एखादा नोड बंद करून पुन्हा चालू करण्यातही अर्थ नव्हता, कारण शेजारी तेच अपडेट त्याला लगेच परत देत. शेवटी 50 क्रमांकाच्या आयएमपीचे अपडेट टाकून द्यायचे असा पॅच सगळीकडे चढवावा लागला. लाइनवरून जाताना चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारा आकडा) तपासला जात होता, पण मेमरीत पडून असताना नाही. खरी मेख तिथे होती.

ओएसपीएफच्या एलएसएमध्ये (राउटर आपल्या लिंकची स्थिती कळवतो त्या संदेशात) आज जे दिसतं ते बरंचसं या धड्यावरचं उत्तर आहे. एलएसए डेटाबेसमध्ये असतानाही त्याचा चेकसम त्याच्यासोबत राहतो. वय 3600 सेकंदांवर गेलं की तो बाद होतो आणि मूळ राउटर दर 1800 सेकंदांनी तो नव्याने काढतो. अनुक्रमांक 32 बिटांचा आहे आणि जुलै 1991 च्या आवृत्ती 2 पासून, म्हणजे आरएफसी 1247 पासून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे क्रमांकित दस्तऐवज), तो सरळ रेषेत वाढतो, गोल फिरत नाही. ऑक्टोबर 1989 च्या पहिल्या आवृत्तीत सुरुवात सरळ आणि पुढे वर्तुळ अशी रचना होती, ती सोडून दिली गेली. लॅबमध्ये याचा थेट उपयोग आहे. डेटाबेस उघडून एलएसएचं वय आणि अनुक्रमांक बघा. वय काही सेकंदांच्या वर जातच नाही आणि अनुक्रमांक भराभर चढतो, तर एकतर लिंक खाली-वर होतेय किंवा दोन राउटरना एकच राउटर आयडी (राउटरची ओळख सांगणारा क्रमांक) आहे. आयडी एकच असेल तर दोघेही दुसऱ्याचा एलएसए आपलाच जुना समजून त्यावर नवा काढत बसतात.

याच काळात रिप हा डिस्टन्स व्हेक्टर पद्धतीचा प्रोटोकॉल सगळीकडे पसरला होता. बर्कलेच्या युनिक्समधल्या राउटेड या प्रोग्रॅमबरोबर तो आला आणि जून 1988 च्या आरएफसी 1058 मध्ये नीट लिहिला गेला. दर 30 सेकंदांनी तक्ता पाठवायचा, 180 सेकंद काही ऐकू आलं नाही तर वाट बाद, आणि 16 हॉप म्हणजे अनंत. रिपमध्ये शेजारी ही संकल्पनाच नाही, त्यामुळे अडून बसण्यासारखी अवस्थाही नाही. पहिल्या आवृत्तीच्या पॅकेटमध्ये मास्क नसतो. म्हणून 10.1.0.0 आणि 10.2.0.0 च्या मध्ये दुसरं नेटवर्क आलं की दोन्ही बाजू 10.0.0.0 एवढंच सांगतात आणि वाटा चुकतात. रिपबद्दल लॅबपुरतं एवढं पुरे.

ओएसपीएफने हॅलो पॅकेट आणि त्यासोबत शेजाऱ्याची चौकशी आणली. हॅलोमध्ये राउटर आपल्याला ऐकू आलेल्या शेजाऱ्यांची यादी देतो. त्या यादीत स्वतःचा राउटर आयडी दिसला तरच लिंक दोन्ही दिशांनी चालते असं धरायचं आणि टू-वे अवस्थेत जायचं. म्हणून शेजारी इनिटवर (टू-वेच्या आधीच्या अवस्थेत) अडकला असेल तर अर्थ एकच: त्याचं आपल्याला ऐकू येतंय, आपलं त्याला नाही. अशा वेळी आपल्या बाजूचा कॉन्फिग उपसण्यापेक्षा समोरच्या टोकाला येणारं काय अडतंय ते बघावं. बहुतेकदा तिथल्या अॅक्सेस लिस्टमध्ये (कुठलं पॅकेट आत घ्यायचं त्या नियमांत) आयपी प्रोटोकॉल 89 ला, म्हणजे ओएसपीएफला, परवानगी नसते, किंवा 224.0.0.5 या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीच्या) पत्त्याला. आणि पिंग युनिकास्ट, म्हणजे एकाच पत्त्याला जाणारा, असतो, त्यामुळे तो गेला म्हणून हॅलो गेलं असं होत नाही.

शेजारी यादीत दिसतच नसेल तर हॅलो पोचून नाकारलं गेलेलं असू शकतं, तेही गुपचूप. सिस्कोवर हॅलोचा डीबग लावला की ओळ येते: डेड आर 40 सी 120, हॅलो आर 10 सी 30. आर म्हणजे आलेलं, सी म्हणजे आपल्याकडे लावलेलं. या आकड्यांमागे दोन वेगळ्या प्रकारची नेटवर्क आहेत. इथरनेट आणि पॉइंट-टू-पॉइंटला 10 आणि 40. एक्स.25 आणि फ्रेम रिलेसारख्या, ब्रॉडकास्ट नसलेल्या नेटवर्कला 30 आणि 120, कारण तिथे प्रत्येक हॅलो एकेका शेजाऱ्याला वेगळं पाठवावं लागे. फ्रेम रिले जवळपास संपलं, आकडे मात्र राहिले. नेटवर्क टाइप बदलला की टायमरही आपोआप बदलतात आणि शेजार तुटतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे एका टोकाला ब्रॉडकास्ट आणि दुसऱ्या टोकाला पॉइंट-टू-पॉइंट. टायमर दोन्हीकडे 10 आणि 40, त्यामुळे शेजारी फुलपर्यंत (शेजार पूर्ण जुळल्याच्या अवस्थेपर्यंत) जातो. पण एक राउटर त्याच लिंकला ट्रान्झिट नेटवर्क म्हणतो आणि दुसरा थेट जोडणी. नकाशात दोन टोकं जुळत नाहीत, म्हणून वाटा येत नाहीत. शेजाऱ्यांच्या तक्त्यावर विसंबून राहणारे इथे हमखास फसतात. डेटाबेसमध्ये शेजाऱ्याचा राउटर एलएसए उघडला की तो पोचता न येणारा म्हणून नोंदलेला सापडतो.

एमटीयूची तपासणी सर्वात उशिरा आली. मार्च 1994 च्या आरएफसी 1583 पर्यंत डेटाबेस डिस्क्रिप्शन पॅकेटमध्ये (राउटर आपल्या डेटाबेसची यादी शेजाऱ्याला देतो त्यात) एमटीयूचं फील्ड नव्हतं. एकाच सेगमेंटवर दोन राउटरचे एमटीयू वेगळे असले तरी लहान पॅकेट जात राहायची, शेजार जुळायचा, आणि नेटवर्क मोठं झाल्यावर भरलेली अपडेट पॅकेट वाटेत पडायची. बिघाड आज नाही, काही महिन्यांनी दिसायचा, आणि तोही अर्धवट. एफडीडीआयचा एमटीयू 4352, इथरनेटचा 1500, आणि मध्ये ब्रिज, अशा जोडण्या तेव्हा होत्याच. जुलै 1997 च्या आरएफसी 2178 ने हे फील्ड आणलं आणि एप्रिल 1998 च्या आरएफसी 2328 ने ते कायम ठेवलं. नियम असा: समोरच्याने सांगितलेला एमटीयू आपल्यापेक्षा मोठा असेल तर त्याचं पॅकेट टाकून द्यायचं. म्हणजे नकार देतो तो लहान एमटीयूचा राउटर, आणि तो एक्सस्टार्टवर (डेटाबेसची देवाणघेवाण कोण चालवणार हे ठरण्याच्या अवस्थेत) बसून राहतो. मोठ्या एमटीयूच्या राउटरचा आयडी लहान असेल तर तो स्लेव्ह होऊन पुढच्या एक्स्चेंज अवस्थेत जातो. त्याचा आयडी मोठा असेल तर दोघेही एक्सस्टार्टवरच राहतात. एक टोक एक्सस्टार्ट, दुसरं एक्स्चेंज, हे चित्र दिसलं की आधी एमटीयू बघावा.

तपासायचं कसं? डीएफ बिट (पॅकेटचे तुकडे करू नका असं सांगणारा) लावून पूर्ण आकाराचा पिंग मारायचा. सिस्कोवर आकार 1500 द्यावा, त्यात आयपी हेडर धरलेलं असतं. लिनक्सवर 1472 द्यावा, कारण 20 बाइट आयपी हेडर आणि 8 बाइट आयसीएमपी हेडर वर चढतात. जीआरई टनेलमध्ये (एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून नेण्याच्या पद्धतीत) 24 बाइट जातात आणि 1476 उरतात. सिस्कोमध्ये एमटीयू-इग्नोर अशी एक आज्ञाही आहे. ती लावली की शेजारी फुल दिसतो आणि आपण 1994 च्या अवस्थेत परत जातो. परीक्षेच्या प्रश्नात मागितली नसेल तर ती लावू नये.

आयएस-आयएस या दुसऱ्या लिंक-स्टेट प्रोटोकॉलने हाच प्रश्न आधीच वेगळ्या रीतीने सोडवला होता. तिथे हॅलो पॅकेटच एमटीयूइतकं फुगवून पाठवलं जातं. लिंकला तेवढा आकार झेपत नसेल तर हॅलो पोचतच नाही आणि बिघाड पहिल्याच पायरीवर कळतो.

लॅब बदलत गेल्या तसे बिघाडही बदलले. सिस्को 2501 सारखे राउटर सिरीयल केबलने पाठीला पाठ लावून जोडायचे त्या काळात पहिला संशय क्लॉक रेटवर असे. डीसीई टोकावर (लाइनला वेग ठरवणारं घड्याळ देणाऱ्या टोकावर) 64000 घातला नाही की लाइन प्रोटोकॉल खालीच राहायचा आणि ओएसपीएफपर्यंत वेळच यायची नाही. 2005 मध्ये क्रिस्तोफ फियो यांनी डायनामिप्स या सिस्को राउटरच्या इम्युलेटरवर काम सुरू केलं आणि खरं आयओएस (सिस्को राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम) साध्या पीसीवर चालू लागलं. पुढे जीएनएस3 ने त्याला चित्रमय रूप दिलं. इथला खास बिघाड आयडल-पीसीचा, म्हणजे राउटर रिकामा कधी असतो ते इम्युलेटरला सांगणाऱ्या मूल्याचा. ते मूल्य नीट लावलं नाही की एकेक राउटर प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण खातो, हॅलो वेळेवर सुटत नाहीत, 40 सेकंद उलटतात आणि शेजारी पडतो. कॉन्फिगमध्ये चूक शोधून सापडत नाही, कारण ती तिथे नसतेच.

2017 मध्ये क्वाग्गा या मुक्त राउटिंग सॉफ्टवेअरपासून फुटून एफआरआर निघालं आणि लॅब कंटेनरमध्ये गेल्या. एफआरआरच्या डीमन्स फाइलमध्ये ओएसपीएफडीपुढे यस लिहिल्याशिवाय प्रोटोकॉल सुरूच होत नाही, आणि लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंग 1 नसेल तर शेजारी फुल असूनही डेटा पुढे सरकत नाही. कंटेनरलॅब हे लॅब उभारायचं साधन आपल्या लिंकला मुळातच 9500 चा एमटीयू देतो. त्याच लिंकच्या दुसऱ्या टोकाला 1500 सांगणारा व्हर्च्युअल मशीनमधला राउटर आला की 1997 ची तपासणी लगेच आडवी येते. आणि एकाच तयार इमेजच्या प्रती काढून लॅब उभारली असेल तर राउटर आयडीही सारखेच निघतात. असे दोघे शेजारी असले तर शेजार जुळतच नाही, एक सोडून पलीकडे असले तर वर सांगितलेला एलएसएचा खेळ सुरू होतो. आयडी हाताने बदलला तरी सिस्कोवर ओएसपीएफ प्रोसेस क्लिअर केल्याशिवाय तो लागू होत नाही.