गॉलच्या किल्ल्यातलं जुनं घर: विक्रीच्या जाहिरातीमागचा इतिहास

श्रीलंकेतलं गॉल आपल्याला क्रिकेटमुळे ओळखीचं आहे. मैदानामागे जो लांबलचक काळपट तट दिसतो, ज्यावर उभं राहून लोक फुकट सामना बघतात, त्या तटाच्या आत एक अख्खं गाव नांदतं. सुमारे 52 हेक्टर जमीन, 14 बुरूज, तीन बाजूंना समुद्र. आत चर्च आहेत, मशीद आहे, बौद्ध विहार आहे, शाळा आहेत, जवाहिऱ्यांची दुकानं आहेत, आणि कौलारू घरांच्या रांगा आहेत. त्यातलं एखादं घर दुरुस्त होऊन विकायला निघालं की जाहिरातीचा मसुदा बहुतेक ठरलेला असतो: डच काळातलं घर, मूळ खांब आणि दारं जपलेली, मधल्या अंगणात पोहण्याचा छोटा तलाव, किंमत डॉलरमध्ये. जागेचं माप पर्चमध्ये दिलेलं असतं. चार पर्च म्हणजे आपला बरोबर एक गुंठा, आणि किल्ल्यातली बरीच घरं गुंठ्या-दोन गुंठ्यांचीच आहेत. एवढ्याशा जागेला एवढी किंमत कशी आली, हे समजायला घराच्या भिंतीपासून ते संसदेतल्या कायद्यांपर्यंत बरंच मागे जावं लागतं.

गॉलचं बंदर डचांच्या कितीतरी आधीचं. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे येऊन गेला. 1409 सालचा एक शिलालेख 1911 मध्ये याच गावात सापडला. चिनी नौदलप्रमुख झंग ह याने आणवलेल्या या दगडावर चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत मजकूर आहे. कोण कोण या बंदरात उतरत होतं, याची कल्पना त्या तीन लिपींवरून येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांनी जमिनीच्या बाजूने तट घालून छोटा किल्ला उभारला.

डचांच्या येण्याशी मात्र आपल्या किनाऱ्याचा थेट संबंध आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी 1630च्या दशकात गोव्याची नाकेबंदी करत होती. दर मोसमात त्यांचं आरमार मांडवीच्या तोंडाशी येऊन उभं राहायचं, आणि त्या आरमाराला रसद मिळावी म्हणून कंपनीने 1637 मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. त्या वखारीची पडकी इमारत आजही वेंगुर्ल्यात उभी आहे. गोव्यासमोरच्या याच आरमाराच्या प्रमुखाने 1638 मध्ये विलेम कोस्टर नावाच्या अधिकाऱ्याला श्रीलंकेकडे धाडलं. कँडीचा राजा दुसरा राजसिंह पोर्तुगीजांना हाकलायला मदत शोधत होता, आणि कंपनीला दालचिनी हवी होती. मार्च 1640 मध्ये कोस्टरने गॉल जिंकलं, आणि त्याच वर्षी कँडीहून परतताना तो मारला गेला. ठरल्याप्रमाणे जिंकलेले किल्ले राजाला मिळायचे होते. खर्चाची बाकी पुढे करून कंपनीने गॉल आपल्याकडेच ठेवलं. आलं देऊन मिरची घेतली, अशी सिंहली म्हण या सौद्याबद्दल आजही सांगतात.

पुढची दीडशे वर्षं गॉल कंपनीचं राहिलं. तट वाढवला गेला, बुरुजांना सूर्य, चंद्र, तारा अशी नावं मिळाली, आतल्या दरवाजावर कंपनीचं चिन्ह आणि 1669 हे साल कोरलं गेलं. दालचिनीसाठी प्रचंड कोठार बांधलं गेलं. ती साल सोलून आणायचं काम सलागम जातीच्या लोकांवर वेठीने लादलेलं होतं, आणि किल्ल्यातल्या युरोपीय घरांमध्ये गुलाम राबत होते. कोरीव खांबांचं कौतुक करताना हे बाजूला ठेवता येत नाही. या घरांची ऐसपैस मांडणी, मागचं वेगळं स्वयंपाकघर, नोकरांच्या खोल्या, हे सगळं फुकटच्या माणसांच्या जोरावर चालत होतं.

गल्ल्यांची आखणी त्याच काळातली. दोर वळायची गल्ली ती लेन बान, फेरीवाल्या मुसलमान व्यापाऱ्यांची ती पेडलर स्ट्रीट, इस्पितळाची वेगळी, चर्चची वेगळी. रस्त्यांखालून बांधीव गटारं काढली होती. भरतीचं पाणी त्यांत शिरायचं आणि घाण समुद्रात घेऊन जायचं. पाणी ओढायला ट्रायटन बुरुजावर पवनचक्कीही होती. ज्या जमान्यात युरोपातल्या मोठमोठ्या शहरांत घाण रस्त्यावर वाहत होती, त्या जमान्यातली ही सोय.

आता घर. जाहिरातीत त्याला सरसकट 'डच घर' म्हणतात, आणि मला हे अर्धंच खरं वाटतं. भिंती प्रवाळाच्या आणि काबूकच्या. काबूक म्हणजे आपला जांभा: खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक. चुना प्रवाळ भाजून केलेला. लाकूड फणसाचं किंवा तिथल्याच जंगलातल्या झाडांचं. कौलं अर्धगोल, आपल्याकडच्या नळीच्या कौलांच्या जातीची. मंगळुरी धर्तीची सपाट कौलं फार नंतर आली. समोर रस्त्याला लागून खांबांवर पेललेला खोल व्हरांडा, आत मोठी बैठकीची खोली, दोन्ही अंगांना निजायच्या खोल्या, मागे पुन्हा पडवी, मग मोकळं अंगण, त्यापलीकडे स्वयंपाकघर आणि विहीर. सिंधुदुर्गातल्या कुणालाही या घरात डोळे मिटून वावरता येईल. हॉलंडमधली घरं उंच, अरुंद आणि थंडी बाहेर ठेवणारी असतात; गॉलमधलं घर बुटकं, पसरलेलं आणि वाऱ्याला आत बोलावणारं आहे. वर्षाचे बारा महिने दमट उष्मा आणि दोन मोसमांचा पाऊस असलेल्या जागी स्थानिक कारागिरांना जे ठाऊक होतं, तेच या घरांत उतरलं. डचांकडून आल्या त्या जाड दारांच्या चौकटी, वरच्या झरोक्याची नक्षी, मोठ्या खिडक्या आणि गल्लीला सरळ रेषेत तोंड करून उभं राहायची शिस्त. 1988 मध्ये युनेस्कोने गॉलला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हाही कारण हेच दिलं: युरोपीय बांधणी आणि दक्षिण आशियाई परंपरा यांचा मिलाफ.

फेब्रुवारी 1796 मध्ये किल्ला लढाईविना इंग्रजांकडे गेला. इंग्रजांनी घरांत मोठे बदल केले नाहीत; काहींवर माडी चढली, काहींचे खांब बदलले. गॉलची खरी भरभराट वाफेच्या जहाजांबरोबर झाली. 1840च्या दशकापासून युरोप, भारत, चीन आणि ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या बोटी इथे कोळसा भरायला थांबत. प्रवासी उतरत, हॉटेलं निघाली, रत्नांचे व्यापारी मालदार झाले. पण बंदराच्या तोंडाशी खडक होते आणि नैर्ऋत्य मोसमात तिथे बोट आणणं जिवावरचं काम होतं. कोलंबोला लाटा अडवणारा धक्का बांधायचं ठरलं. 1875 मध्ये त्याची पायाभरणी झाली, दहा वर्षांत तो पुरा झाला, आणि बोटी कोलंबोला वळल्या.

पुढची शंभर वर्षं किल्ल्यात फारसं काही बांधलं गेलं नाही. माझ्या मते आजच्या सगळ्या किमतीचं मूळ या शंभर वर्षांत आहे. कोलंबोच्या कोटात जुनी घरं पाडून बँका आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या, कारण तिथे पाडून बांधणाऱ्याला फायदा होता. गॉलमध्ये तो फायदा कुणालाच नव्हता. घर गळलं तर कौल बदलायचं, भिंत फुगली तर चुना मारायचा, एवढ्यावर भागवलं गेलं. किल्ल्यातले बर्गर, म्हणजे डच आणि पोर्तुगीज वंशाची कुटुंबं, हळूहळू कमी होत गेली. 1956 मध्ये सिंहली हीच राजभाषा करणारा कायदा आला. इंग्रजीवर नोकऱ्या करणाऱ्या बर्गरांपैकी अनेकांनी ऑस्ट्रेलियाची वाट धरली. त्यांच्या घरांत मुख्यतः मुसलमान व्यापारी कुटुंबं राहिली, सिंहली कुटुंबंही आली. आज ज्या घरांना वारसा म्हटलं जातं, ती अनेक पिढ्या याच लोकांनी राहून, झाडून, दुरुस्त करून टिकवली. जाहिरातीत कंपनीच्या काळाचा उल्लेख हमखास असतो, यांचा क्वचितच. मला ही फार मोठी उणीव वाटते.

मग पैसा परत कसा आला? श्रीलंकेने 1963 मध्ये परदेशी व्यक्तीला जमीन विकताना किमतीएवढाच, म्हणजे 100 टक्के कर लावला होता. 2002 मध्ये सरकार आणि तमिळ वाघ यांच्यात युद्धबंदी झाली आणि त्याच वर्षी हा करही उठवला गेला. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या. हाँगकाँग, सिंगापूर, लंडनहून लोक आले. त्यांच्या हिशेबाने किल्ल्यातली घरं मातीमोल होती, आणि विकणाऱ्या कुटुंबाच्या हिशेबाने तो पैसा किल्ल्याबाहेर नवं प्रशस्त घर बांधून मुलांच्या शिक्षणाला उरेल एवढा होता. सौदे भराभर झाले. 2004 च्या अखेरीस कर पुन्हा लागू झाला, तोवर अनेक घरांचे मालक बदलले होते.

त्याच वर्षी 26 डिसेंबरला त्सुनामी आली. गॉलचं बस स्टँड, बाजार आणि क्रिकेटचं मैदान पाण्याखाली गेलं, जिल्ह्यात हजारो माणसं मेली. किल्ल्याच्या आतल्या वस्तीला मात्र फारशी झळ पोचली नाही. तटाने लाट अंगावर घेतली. शत्रूच्या तोफांसाठी रचलेल्या दगडांनी समुद्र अडवला. तटावरून खालचा विध्वंस पाहिलेली माणसं आजही किल्ल्यात राहतात.

त्यानंतरची वीस वर्षं म्हणजे दुरुस्तीची वर्षं. पूर्वीचं न्यू ओरिएंटल हॉटेल 2005 च्या सुमारास उंची हॉटेल होऊन उघडलं. 2007 पासून साहित्य महोत्सव भरू लागला. नेदरलँड्सच्या निधीतून काही खाजगी घरांचे व्हरांडे आणि दर्शनी भाग पूर्ववत केले गेले, आणि ही मदत जुन्या रहिवाशांपर्यंत पोचली याचं मोल मोठं आहे. डच इस्पितळाच्या इमारतीत 2014 पासून दुकानं आणि उपाहारगृहं आहेत.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय केलं, हे प्रत्येक घरात वेगळं. चांगल्या कारागिराने पहिलं काम केलेलं असतं ते सिमेंट खरवडून काढण्याचं. मधल्या काळात स्वस्त आणि पटकन होतं म्हणून जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला. जांभा आणि प्रवाळ ओल शोषतात आणि चुन्यातून ती बाहेर टाकतात. सिमेंट ती वाट बंद करतं. मग क्षार साचतात, भिंत आतून भुसभुशीत होते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. कोकणात जांभ्याच्या जुन्या घरांना हाच रोग लागलेला दिसतो. प्रवाळ काढायला आता कायद्याने बंदी आहे, त्यामुळे चुना दुसरीकडून आणावा लागतो आणि तो लावणारे हातही थोडे उरलेत. उलट काही घरांत समोरच्या व्हरांड्याची भिंत तेवढी जुनी राहते आणि मागे सगळं नव्याने काँक्रीटमध्ये उभं केलेलं असतं. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात, किंमतही सारखीच सांगितली जाते.

नियम याच दुसऱ्या प्रकाराला आवर घालण्यासाठी आहेत. किल्ल्यात खिळा ठोकायचा झाला तरी पुरातत्त्व खात्याचं लक्ष असतं, असं तिथले लोक म्हणतात. 1994 च्या कायद्याने नेमलेलं गॉल हेरिटेज फाउंडेशन आणि नागरी विकास प्राधिकरण यांचाही बांधकामावर अधिकार चालतो. उंची, छपराचा उतार, कौलांचा प्रकार, रस्त्याकडचा चेहरा, सगळ्याला परवानगी लागते. त्यामुळे नवीन घर जवळजवळ होऊच शकत नाही. तटाच्या आतली जमीन वाढणारी नाही, घरांची संख्याही ठरलेली, आणि दर मोसमात पर्यटक येतच राहतात.

परदेशी माणसाला मालकी मिळण्याची वाट आता बहुतेक बंद आहे. 2014 च्या 38 क्रमांकाच्या कायद्याने परदेशी व्यक्तीला आणि निम्मे किंवा त्याहून जास्त भाग परदेशी हातात असलेल्या कंपनीला जमिनीची मालकी देणं थांबवलं, तेही 1 जानेवारी 2013 पासून मागे जाऊन. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांना त्यातून सूट आहे. बाकीच्यांसाठी उरतो तो 99 वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा. त्यावर आधी 15 टक्के कर होता, तो नंतर काढला गेला. त्यामुळे 'विक्रीला' असं लिहिलेल्या घराचा व्यवहार प्रत्यक्षात पट्ट्याचा निघू शकतो, आणि कायद्याआधी घेतलेली घरं विकणारे परदेशी मालक आता श्रीलंकन खरेदीदार शोधतात. 2022 मध्ये देशाने परकीय कर्ज फेडणं थांबवलं. डॉलरला साधारण 200 श्रीलंकन रुपये असलेला भाव काही आठवड्यांत साडेतीनशेच्या पुढे गेला. डॉलरमध्ये मांडलेली किंमत पगारावर जगणाऱ्या स्थानिक कुटुंबाच्या आवाक्यातून त्या दिवसांत आणखी दूर गेली.

तरीही किल्ल्यातली काही घरं बाजारात कधीच आलेली नाहीत. तिथली कुटुंबं पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात, व्हरांड्यात लेस किंवा खडे विकतात आणि मागच्या अंगणात स्वतः राहतात. दुरुस्तीची परवानगी काढायला, चुना आणायला आणि फणसाचं लाकूड मिळवायला त्यांना जो खर्च येतो, त्याला आधार देणारी कायमची योजना असती तर यातली आणखी घरं त्याच कुटुंबांकडे राहिली असती. जुन्या घरांच्या अनुदानाची मागणी किल्ल्यात होत राहते ती एवढ्यासाठीच.