21 दिवस बंद (लॉकडाऊन) पाळला की कोरोनाचा विषाणू संपतो?

‘21 दिवस सगळं कडकडीत बंद ठेवा, संसर्गाची साखळी तुटते, मग बिनधास्त उघडा.’ हा संदेश 2020पासून फिरतोय. धीर देणारा आहे, पण हिशेब जुळत नाही. कागदावर एक घर मांडून बघा. पहिल्या दिवशी आजोबांना लागण, सहाव्या दिवशी सुनेला, बाराव्या दिवशी नातवाला, अठराव्या दिवशी मुलाला. दार बंद, साखळी घरातच चालू! त्यात काहींना लक्षणंच नसतात. बंदमुळे वेग मंदावतो, खाटा-ऑक्सिजनच्या तयारीला वेळ मिळतो, आणि तेही फार मोलाचं आहे.

म्हणूनच उघडायचं ते टप्प्याटप्प्याने. आज दुकानं उघडली, तर परिणाम आकड्यांत दिसायला साधारण दोन आठवडे जातात. तेवढ्यात शाळा, लग्नंही सुरू केली, तर रुग्ण कशामुळे वाढले तेच कळत नाही.