कॅलिफोर्नियाची टपाली मतं खरंच मोजत नाहीत?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की एक मेसेज फिरतो: ‘कॅलिफोर्नियात टपाली मतं लढत अटीतटीची असेल तरच मोजतात.’ शंका येणं साहजिक आहे. तिथलं मतदान रात्री आठला संपतं, आपल्याकडे तेव्हा बुधवारचे सकाळचे साडेनऊ. आणि काही मिनिटांत वाहिन्या राज्याचा विजेता सांगून मोकळ्या होतात.

पण तो मतदारांच्या पाहण्या आणि आधीचा कल यांवरचा अंदाज असतो. मोजणी पुढे कित्येक दिवस चालते, कारण तिथे बहुतेक लोक टपालानेच मत देतात आणि पाकिटावरची प्रत्येक सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहावी लागते. त्यात एकाच मतपत्रिकेवर स्थानिक पदं आणि जनमताचे प्रस्तावही असतात. अध्यक्षपदाचा कौल स्पष्ट असला तरी हे निकाल चिमूटभर मतांनी फिरू शकतात, म्हणजे मोजणी टाळायची सोयच नाही. शिवाय 1 टक्का मतदान केंद्रांची मतं हाताने पुन्हा मोजायचा कायदा आहे.

पडताळायचं असेल तर कोणत्याही काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) निवडणूक संकेतस्थळावरचा पहिल्या रात्रीचा आकडा आणि महिन्याभरानंतरचा अंतिम आकडा शेजारी ठेवा. तिथल्या मतदाराला आपलं पाकीट मोजणीत गेलं का, हेही ऑनलाइन दिसतं.